प्रयोग ‘जुळला’ नाही, म्हणून गुण कापायचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात अलीकडेच एका पालकांची तक्रार वाचली. त्यांच्या मुलाने आणि त्याच्या वर्गातल्या एका मुलीने मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात एकच प्रयोग केला. तिचे आकडे पुस्तकात असतात तसे आले, याचे आले नाहीत. तिला जवळपास पैकीच्या पैकी गुण पडले. याच्या अहवालावर मात्र लाल शाईत शेरा आला, ‘निष्कर्ष सिद्धांताशी जुळत नाही’, आणि गुण निम्म्याच्या जरा वर येऊन थांबले. जाता जाता त्या पालकांनी एक टोलाही हाणलाय : विषयच मोघम, मग गुण तरी नेमके कुठून येणार?

निवृत्त होईपर्यंत मी मानसशास्त्राची प्रात्यक्षिके शिकवली, परीक्षक म्हणून परक्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्यांचे ढीगही उपसले. त्यामुळे टोला लागायचा तिथे लागला. तक्रार मात्र शंभर टक्के रास्त आहे, आणि ती एका मुलापुरती नाही, म्हणून हे पत्र.

आधी टोल्याचे उत्तर देऊन टाकते. १९१२ साली स्टार्च आणि एलियट या दोन अमेरिकी संशोधकांनी इंग्रजीच्या एका उत्तरपत्रिकेच्या प्रती शंभराहून अधिक शिक्षकांना पाठवून तपासायला सांगितल्या. त्याच उत्तरपत्रिकेला कोणी १०० पैकी ६४ दिले, कोणी ९८. लोक म्हणाले, भाषेचा पेपर आहे, असे होणारच. मग पुढच्याच वर्षी दोघांनी भूमितीची उत्तरपत्रिका तशीच फिरवली. तिला मिळालेले गुण २८ पासून थेट ९० च्या पुढपर्यंत पसरले होते. भूमितीला मोघम कोण म्हणेल? तिथेही कोणी आकृतीच्या नीटनेटकेपणाचे गुण कापले, कोणी नाही. कोणी रीत पाहिली, कोणी नुसते उत्तर. म्हणजे विषय कोणताही असो, गुण नेमके कशाला द्यायचे हे तपासणाऱ्यांनी आपसात ठरवले नसेल, तर ज्याची वही ज्याच्या हाती पडेल तसे त्याचे नशीब.

आमच्या विषयात याच्या जोडीला आणखी एक दुखणे आहे. त्याबद्दल कोणी उघड बोलत नाही, कारण ते गुणतक्त्यात कुठेही लिहिलेले नसते.

ज्यांनी असा अहवाल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उद्देश, पार्श्वभूमी, अभ्युपगम (काय होईल याचा आधीच मांडलेला अंदाज), परिवर्त्ये (प्रयोगात बदलायच्या आणि मोजायच्या गोष्टी), साहित्य, प्रयुक्ताला (ज्याच्यावर प्रयोग करायचा त्या माणसाला) दिलेल्या सूचना, कार्यपद्धती, तक्ते, आलेख, चर्चा, निष्कर्ष असा त्याचा ठरलेला सांगाडा असतो. कशाला किती गुण ते संस्थेगणिक बदलते, पण तक्ते-आलेख आणि चर्चा यांचा वाटा बहुतेक ठिकाणी मोठा. यात ‘अपेक्षित निकाल आला का?’ असा रकाना कुठेच नाही. तरी त्याचे गुण दिले जातात. परीक्षकापुढे ढीग असतो, एका वहीला मिळतात मोजकी मिनिटे. वही उघडली की नजर आधी आलेखावर जाते, मग शेवटच्या पानावरच्या निष्कर्षावर. दोन्ही ओळखीचे दिसले की बाकीच्या पानांवरून हात सढळपणे फिरतो. ओळखीचे दिसले नाहीत की माणूस चुका शोधायला लागतो, आणि शोधणाऱ्याला त्या सापडतातच. एरवी सोडून दिली असती ती समासातली गिचमिडही मग डोळ्यांत खुपते.

याला आमच्याच पुस्तकात नाव आहे. १९२० मध्ये थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की सैन्यातले अधिकारी हाताखालच्यांची बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या गुणांची प्रतवारी करताना खरे तर एकच एकूण मत सगळ्या रकान्यांत वाटून टाकतात. हा प्रभामंडल परिणाम आम्ही वर्गात शिकवतो, त्यावर प्रश्न काढतो, त्याची उत्तरे तपासतो. तेही बहुधा त्याच परिणामाखाली!

निकाल जुळण्याचा हा आग्रह आला कुठून? माझ्या मते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून. तिथे द्रावणाची तीव्रता शिक्षकाला आधीच माहीत असते. विद्यार्थ्याचे उत्तर त्यापासून लांब गेले तर बहुधा ब्युरेट (द्रव मोजायची नळी) वाचण्यात गफलत झालेली असते, आणि तिथे गुण कापणे न्यायाचे आहे. पण आमच्या टेबलापलीकडे माणूस बसलेला असतो. तो रात्री नीट झोपलेला असेल-नसेल, त्याला शब्दपाठांतराची सवय असेल, किंवा निम्म्यातच ‘हे नेमके काय तपासतायत’ याचा त्याला वास लागलेला असेल. शिवाय पुस्तकातले बहुतेक नियम हे अनेकांच्या सरासरीचे असतात. विद्यार्थ्याकडे एकच प्रयुक्त असतो, फार तर चार.

सगळे प्रयोग यात सारखे नाहीत, ही गोष्ट गुण देताना कोणी विचारातच घेत नाही. म्यूलर-लायरचा भ्रम (तीच ती बाणांची टोके लावलेली दोन रेघांची आकृती, १८८९ ची; रेघा सारख्याच असून लहान-मोठ्या दिसतात) जवळजवळ प्रत्येकाला एका बैठकीत होतो. स्ट्रूपचा प्रयोगही सहसा दगा देत नाही. १९३५ च्या मूळ प्रयोगात नुसत्या रंगीत चौकोनांच्या १०० रंगांची नावे सांगायला सरासरी ६३ सेकंद लागले होते. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत, अशा उलटसुलट शब्दांच्या शाईचा रंग सांगायला लागले ११०. एवढी मोठी तफावत एका माणसातही घड्याळावर दिसते. स्मरणाचे प्रयोग मात्र बेभरवशाचे. तिथे एका प्रयुक्ताचे आकडे कसेही येऊ शकतात. ज्या मुलाच्या चिठ्ठीत भ्रमाचा प्रयोग निघाला तो सुटला, स्मरणाचा निघाला तो अडकला. असे गुण आपण प्रयोगकौशल्याचे म्हणून गुणपत्रिकेत छापतो.

आता एक आलेख डोळ्यांपुढे आणा. क्रमस्थानाचा प्रयोग : पंधरा शब्दांची यादी ऐकवायची, आठवतील ते शब्द लिहून घ्यायचे. सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द जास्त आठवतात, मधले गळतात, म्हणून पुस्तकात छान खोलगट वक्र काढलेला असतो. अशी एक वही माझ्यापुढे आली होती. प्रयुक्त एक, यादी एक, आणि आलेखावर हाताने ओढलेला झोकदार वक्र. पहिल्या शब्दाला ९०, चौथ्याला ६०, सातव्याला ३५ टक्के. माझ्या आधी ज्यांनी वही तपासली त्यांनी आलेखाला पूर्ण गुण देऊन ‘उत्तम’ असा शेराही मारला होता. एका माणसाला एक शब्द एकदा ऐकवल्यावर तो पस्तीस टक्के आठवेल कसा? एक तर आठवेल, नाही तर नाही. त्या आलेखावर प्रत्येक ठिपका शून्यावर तरी हवा, नाही तर शंभरावर. मध्ये काहीच असू शकत नाही. तसा खरा, दातेरी, बेंगरूळ आलेख काढणारी वही त्याच ढिगात होती. तिला निम्मे गुण होते.

खोटे आकडे ओळखायला फार हुशारी लागत नाही, वेळ लागतो. म्यूलर-लायरच्या नोंदीत सगळी मापे शून्यावर किंवा पाचावर संपत असतील, तर पट्टी न वाचता लिहिलेली आहेत असे समजायला हरकत नाही. खऱ्या प्रयुक्ताचा भ्रम वारंवार मापे घेतल्यावर हळूहळू कमी होत जातो, त्यामुळे शेवटच्या मापांतली चूक सहसा सुरुवातीपेक्षा लहान असते. घरी बसून भरलेल्या तक्त्यात ती पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढीच राहते. प्रतिक्रिया कालाच्या खऱ्या नोंदीत एखादा आकडा भलताच मोठा असतो, कारण कोणीतरी शिंकलेले असते. स्ट्रूपच्या नोंदीत चुकांचा रकाना पूर्ण कोरा असेल तर तो प्रयुक्त मला भेटायला आवडेल. आणि सर्वांत खात्रीची खूण म्हणजे अंतर्निरीक्षण अहवाल. प्रयोग संपल्यावर प्रयुक्ताने काय अनुभवले ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचे असते. दहापैकी नऊ वह्यांत तिथे एकच वाक्य असते : ‘प्रयोग करताना मला मजा आली, काही नवीन शिकायला मिळाले.’ एका वहीत मात्र लिहिले होते, ‘मधल्या शब्दांच्या वेळी बाहेर कुत्रा भुंकायला लागला, मी त्याच्याकडेच ऐकत बसलो.’ हा प्रयोग झाला होता एवढे त्या एका वाक्याने मला कळले.

मुले खोटे का लिहितात, याचा दोष मी मुलांना देत नाही. वरच्या वर्गातली मुले खालच्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवतात की आकडे ‘बसवून’ घ्या. सत्र संपेपर्यंत ‘बसवणे’ हे एक कसब होऊन बसते. मध्यमान (सरासरी) किती ठेवायचे, फरक किती दाखवला की सार्थक (निव्वळ योगायोगाचा नाही असा) ठरतो, हे उलट गणित करून काढणारी मुले मी पाहिली आहेत. एवढी सांख्यिकी त्यांना सरळ रीतीने कधी आली नव्हती.

यात न बसणारी एक मुलगी सांगते. स्ट्रूपचाच प्रयोग. तिची प्रयुक्त होती एक प्रौढ बाई, बऱ्याच उशिरा अक्षरओळख झालेली. नुसत्या चौकोनांचे रंग सांगायला त्या बाईंना जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढाच उलटसुलट शब्दांच्या शाईचे रंग सांगायला लागला. अडथळा जवळजवळ नाहीच. मुलीने आकडे बसवले नाहीत. तिने आणखी एक पान जोडले. काळ्या शाईतले साधे शब्द त्या बाईंना वाचायला लावले आणि त्याचीही वेळ घेतली. शब्द वाचणे हे रंग ओळखून सांगण्यापेक्षा एरवी बरेच जलद होते; कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने हे १८८६ मध्येच मोजून ठेवले आहे. या बाईंचे उलट निघाले. त्यांना वाचायलाच जास्त वेळ लागला. मुलीने चर्चेत लिहिले की वाचन आपोआप होत असेल तरच ते रंग सांगण्याच्या आड येणार. माझ्या प्रयुक्तेचे वाचन अजून तितके आपोआप होत नाही, म्हणून अडथळाही नाही. (नुकती वाचायला शिकलेली मुले या प्रयोगात अशीच वागतात, हे तिला माहीत नव्हते. ते तिने स्वतःच्या डोक्याने काढले होते.)

माझ्याबरोबर बसलेले सहपरीक्षक म्हणाले, ‘बाई, प्रयुक्तच चुकीचा निवडलाय. निकालाचे गुण कसे द्यायचे?’

मुलगी तोंडी परीक्षेला समोरच बसली होती. मी तिला विचारले, ‘दुसरा कोणी प्रयुक्त घ्यावासा वाटला नाही का गं?’

‘वाटलं होतं. पण मग ह्यांचे आकडे कुठे टाकू?’

ती उठून गेल्यावर आमची बराच वेळ हुज्जत चालली. त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. प्रयुक्त निवडताना वाचनाची चाचपणी करायला हवी होती आणि कार्यपद्धतीत तेवढा गुण कापणे मलाही मान्य होते. पण त्यांना कापायचे होते ते निकालाचे गुण. शेवटी चर्चेला पूर्ण गुण द्यायला ते राजी झाले, निकालाला नाही. एकूण बेरीज त्या बनावट वक्रवाल्यापेक्षा कमीच भरली.

गंमत अशी, की या विषयातल्या मोठ्यांनाही याच खोडीचा फटका बसलेला आहे. १९६३ मध्ये रोझेंथाल आणि फोड यांनी प्रायोगिक मानसशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना उंदीर वाटले. काहींना सांगितले तुमचे उंदीर चक्रव्यूहात हुशार निघणाऱ्या वाणाचे आहेत, काहींना सांगितले मठ्ठ वाणाचे. प्रत्यक्षात उंदीर सगळे सारखेच होते, नावाच्या चिठ्ठ्या मनाला येईल तशा लावल्या होत्या. तरी ‘हुशार’ उंदरांच्या नोंदी सरस निघाल्या. प्रयोग करणाऱ्याला काय यायला हवे ते आधी कळले की तेच यायला लागते, कोणी मुद्दाम लबाडी केली नाही तरी. आणि आपण तर विद्यार्थ्याला अपेक्षित निकाल आधी पाठ करायला लावतो, वर तो आला नाही तर गुण कापतो.

२०१५ मध्ये तर सगळ्या शास्त्राचीच वही तपासली गेली. नामांकित नियतकालिकांत छापलेले १०० अभ्यास वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सार्थक निकाल आला होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच आला. याची कारणे पुष्कळ सांगितली जातात आणि त्यावर वादही आहेत. पण एका कारणावर फारसे दुमत नाही : जुळलेले तेवढेच छापायचे, न जुळलेले कपाटात टाकायचे, ही छापणाऱ्यांची सवय. त्यावरचा एक उपाय ‘कॉर्टेक्स’ या नियतकालिकाने २०१३ मध्ये सुरू केला. प्रश्न, अभ्युपगम आणि कार्यपद्धती एवढेच आधी पाठवायचे. परीक्षकांना ते पटले की लेख तत्त्वतः स्वीकारला जातो. त्यानंतर आकडे गोळा करायचे, निकाल काही का येईना, लेख छापला जातो. आता बरीच नियतकालिके असे लेख घेतात.

हेच वर्गात करायला काय हरकत आहे? प्रयोगाच्या आधीच्या तासाला विद्यार्थ्याने एक पान द्यावे : काय विचारतोय, काय होईल असे वाटते आणि का, कसे मोजणार, कोणता आकडा कोणत्या कारणाने बाद करणार. शिक्षकाने त्यावर सही आणि तारीख घालावी आणि तिथेच त्याचे गुण देऊन टाकावेत. मग प्रयोग. निकालाच्या भागात गुण फक्त वर्णनाला द्यायचे : तक्ता कच्च्या नोंदीशी जुळतो का, मध्यमान आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) बरोबर काढले का, आलेखाच्या अक्षांवर परिमाणे आहेत का, फरक जेवढा आहे तेवढाच सांगितला आहे का. फरक कोणत्या दिशेला गेला याला शून्य गुण. चर्चेला गुण देताना बघायचे की हे वाक्य याच आकड्यांबद्दल लिहिलेले आहे, की कोणाच्याही वहीत चिकटवता येईल.

कच्ची नोंद हा माझा हट्टाचा मुद्दा आहे. प्रयोग चालू असताना पेनाने लिहिलेला, खाडाखोड असलेला, कोपऱ्यात ‘फोन वाजला, ही फेरी पुन्हा घेतली’ असे खरडलेला मूळ कागद अहवालाला जोडायचा आणि त्याला स्वतंत्र गुण ठेवायचे. आज बहुतेक ठिकाणी तो फेकला जातो आणि सुवाच्य प्रत लावली जाते. म्हणजे पुरावा टाकून द्यायचा आणि सजावटीला गुण द्यायचे! शिवाय आता पार्श्वभूमी आणि चर्चा हवी तशी यंत्राकडून लिहून मिळते, भाषाही सफाईदार. अशा वेळी विद्यार्थ्याने स्वतः काहीतरी केले याचा पुरावा म्हणून दोनच गोष्टी उरतात, हा मळका कागद आणि तोंडी परीक्षा. तोंडी परीक्षेत ‘स्मृतीची व्याख्या सांग’ असे विचारण्यात काय हशील? कागदावर बोट ठेवून ‘हा सातवा आकडा एवढा मोठा का?’ असे विचारावे. प्रयोग केलेल्याला ते आठवते. न केलेला छताकडे बघतो.

सूचनांचा भागही असाच फुकटात जातो. बहुतेक वह्यांत तो पुस्तकातून जसाच्या तसा उतरलेला असतो, किंवा ‘प्रयुक्ताला योग्य त्या सूचना दिल्या’ एवढ्यावर भागवलेले असते. लॉफ्टस आणि पामर यांनी १९७४ मध्ये गाड्यांच्या अपघाताची चित्रफीत दाखवून वेग विचारला. प्रश्नात गाड्या एकमेकींवर ‘आदळून चुराडा झाला’ अशा अर्थाचे क्रियापद होते तेव्हा सरासरी अंदाज ताशी ४०.५ मैल आला; नुसत्या ‘टेकल्या’ अशा अर्थाचे होते तेव्हा ३१.८. एका क्रियापदाने जवळपास ९ मैलांचा फरक! प्रत्यक्ष बोललेली वाक्ये शब्दशः लिहिली नसतील तर तो प्रयोग दुसरा कोणी पुन्हा करून बघणार कसा? तिथे गुण कापा, मी टाळ्या वाजवीन.

आणि प्रयुक्ताची संमती? चिंता-चाचणीच्या अहवालात प्रयुक्ताचे संपूर्ण नाव, वय आणि शेजारी ‘चिंतेची पातळी : उच्च’ असे लिहिलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत. त्याबद्दल एक गुणही कापलेला नसतो. समास आखला नाही म्हणून अर्धा कापलेला असतो.

काही सहकारी म्हणतील, बाईंनी सगळा भार परीक्षकावर टाकला, वेळ कुठून आणायचा? वेळ खरोखरच अपुरा असतो आणि तपासणीचा मोबदला त्याहून अपुरा. पण काही गोष्टींना जादा वेळ लागत नाही. एक वही पूर्ण तपासून दुसरी घेण्याऐवजी सगळ्या वह्यांच्या कार्यपद्धती एका दमात तपासाव्यात, मग सगळ्यांच्या चर्चा. आलेखाची मोहिनी मग पुढच्या पानांवर पसरत नाही. नावे झाकावीत. तपासणी सुरू करण्याआधी सगळ्या परीक्षकांनी त्याच दोन-तीन वह्या वेगवेगळ्या तपासून गुण पडताळावेत आणि भांडायचे ते तिथेच भांडून घ्यावे. दोन तपासनिसांचे एकमत निव्वळ योगायोगापेक्षा किती जास्त आहे हे मोजायचे माप कोहेनने १९६० मध्ये दिले आणि ते आम्ही शिकवतोही. स्वतःच्या गुणांवर ते लावून पाहिलेला विभाग माझ्या तरी पाहण्यात नाही.

निकषांचे तक्ते हल्ली बरेच निघाले आहेत. त्यांच्यावर माझा अर्धाच विश्वास आहे. ‘उत्कृष्ट चर्चा’, ‘चांगली चर्चा’, ‘बरी चर्चा’ अशा पायऱ्या लिहिल्याने काहीच ठरत नाही. जुनाच अंदाज नव्या चौकटीत बसतो. उलट फार बारीक निकष केले की मुले निकषांनाच लिहायला लागतात. ‘मर्यादा सांगितल्या का?’ असा निकष आला आणि ‘नमुना लहान होता, वेळ कमी होता’ हे वाक्य प्रत्येक वहीत येऊन बसले. मर्यादा कोणाची, तिच्यामुळे कोणता आकडा कोणत्या बाजूला सरकला असेल, हे कोणी लिहीत नाही आणि कोणी विचारत नाही. निकष असा हवा की ज्यावर बोट ठेवता येईल : ‘किमान एक मर्यादा घेऊन तिचा निकालावर कोणत्या दिशेने परिणाम झाला असेल ते सांगितले आहे.’ असे चार-पाच निकष पुरेत.

आता त्या पालकांसाठी. मुलाकडे प्रयोगाच्या दिवशीचा मूळ कागद असेल तर त्याची प्रत फेरतपासणीच्या अर्जाला जोडा. अर्जात ‘अन्याय झाला’ वगैरे लिहू नका, त्याने कोणी हलत नाही. लेखी विचारा की कोणत्या भागातले किती गुण गेले, आणि ‘सिद्धांताशी जुळत नाही’ हे गुणतक्त्यातल्या कोणत्या निकषात बसते. एकूण बेरीज पुन्हा बरोबर भरली एवढेच उत्तर आले, तर तेच दोन प्रश्न परत विचारा.

आपली,
मानसशास्त्र प्रात्यक्षिकांची एक निवृत्त शिक्षिका